नूतनीकरण केलेला फ्लॅट : बोली किती लावायची, आणि ती किंमत इतिहासात कशी वाचायची

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ. समजा तुमच्या घरचे जोगेश्वरी पूर्वेला फ्लॅट बघतायत. इमारत १९८५ च्या सुमाराची, बिनलिफ्टची, दुसरा मजला. फ्लॅट मात्र आतून चकाचक : नव्या टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, भिंतींना ताजा रंग. मालक म्हणतो, "घर पूर्ण रिनोव्हेट केलंय, तुम्ही फक्त बॅग घेऊन यायचं." आणि याच इमारतीतल्या जुन्या फ्लॅटपेक्षा चोवीस लाख जास्त मागतो. आता बोली किती लावायची?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न एजंटला विचारायचा, इतिहासाच्या विद्यार्थ्याला कशाला? कारण घरांच्या किमतींचा इतिहास लिहिताना नेमका हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. खरेदीदाराला विचारायचं असतं, "या किमतीतला किती भाग खरा?" आणि तीस वर्षांनी तोच दस्त वाचणाऱ्या संशोधकालाही तेच विचारायचं असतं. फरक इतकाच की खरेदीदार चुकला तर त्याची आयुष्यभराची शिल्लक जाते, आणि संशोधक चुकला तर एका शहराबद्दल खोटं विधान छापलं जातं.

किंमत एक नसते

पहिली गोष्ट पक्की करून घ्या. "फ्लॅटची किंमत" असा एकच आकडा कधीच नसतो. मालकाची मागणी असते, तुमची बोली असते. दस्तात लिहिलेला मोबदला असतो. सरकारने धरलेला बाजारभाव असतो. आणि कर्ज काढणार असाल तर बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेलं मूल्य असतं. पाच आकडे, पाच हेतू. यातले पहिले दोन हवेत विरून जातात. शेवटचा बँकेच्या फाइलीत राहतो. संशोधकाच्या हाती येतात ते मधले दोन, आणि तेही ज्या कागदावर शेजारी शेजारी असतात तो कागद म्हणजे इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन.

१९०८ च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकाला ज्या सूची ठेवायला सांगितल्या, त्यांतली पहिली नावांची आणि दुसरी मालमत्तेची. आज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ही दुसरी सूची घरबसल्या शोधता येते. उघडून बघा. मोबदला, बाजारभाव, भू-मापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारखा, मुद्रांक शुल्क, शेरा. शिवाय एक रकाना आहे "आकारणी किंवा जुडी". जुडी म्हणजे इनाम जमिनीवर घेतला जाणारा हलका सारा. म्हणजे बघा, दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेची नोंदही जमीनमहसुलाच्या जुन्या साच्यात बसवलेली असते. त्या साच्यात जुडीला जागा आहे, पण किचनला नाही. फ्लॅट नवा केला की मोडकळीला आलेला होता, हे सांगणारा रकानाच नाही.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. शोध घेताना "जोगेश्वरी" टाकून फारसं काही हाती लागणार नाही. दस्तांत गावं जिवंत असतात : मजास, मोगरा, बांदिवली, ओशिवरा. रहिवासी पत्ता जोगेश्वरीचा सांगतात, पण कागद "मौजे मजास" म्हणतो. या भागाचा इतिहासही त्यात दडलेला आहे. एप्रिल १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली तेव्हा पश्चिम रेल्वेवर ती जोगेश्वरीपर्यंत आली, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये पुढे दहिसरपर्यंत गेली. म्हणजे सुमारे सात वर्षं जोगेश्वरी हे शहराचं शेवटचं टोक होतं. शहरात असूनही कागदावर गाव राहिलेला हा पट्टा आहे.

मोबदल्याचा रकाना कोणत्या वर्षी काय सांगतो?

आता दुसरा मुद्दा, आणि संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. मोबदल्याच्या रकान्यातला आकडा वाचण्याआधी तो कोणत्या कायद्याच्या छायेत लिहिला गेला, हे बघायचं.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं गुन्हा ठरवलं. व्यवहार थांबले नाहीत, फक्त रक्कम कागदावरून नाहीशी झाली. ती कायद्याच्या चौकटीत आली १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे अर्ध्या शतकातले भाड्याच्या खोल्यांचे व्यवहार किमतीविनाच आपल्याकडे आलेत.

मालकी फ्लॅटचं वेगळं. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरला नोंदणीकृत करारनामा बंधनकारक केला. तरी उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांत पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेले, नोंदणी न झालेले करार सर्रास सापडतात. १० डिसेंबर १९८५ पासून मुद्रांक कायद्यात बदल झाला आणि ताबा देणारा विक्रीचा करार हा मुद्रांक शुल्कासाठी खरेदीखतासारखाच धरला जाऊ लागला. आता करारातला आकडा जितका मोठा, तितकं शुल्क मोठं. साहजिकच आकडा लहान लिहिण्याचा मोह वाढला.

सरकारलाही हे कळत होतं. १९८६ मध्ये प्राप्तिकर कायद्यात एक प्रकरण आलं. ठरावीक रकमेवरचा व्यवहार कमी किमतीत दाखवलाय असं वाटलं, तर सरकारच ती मालमत्ता त्या किमतीला विकत घेऊ शकत होतं. १९९२ च्या सी. बी. गौतम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी दोन्ही बाजूंना बाजू मांडू द्या असं बजावलं. १ जुलै २००२ पासून ही तरतूद बंद झाली. दरम्यान १९९५ च्या नियमांनी बाजारमूल्याचे वार्षिक दर तक्ते आले, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो. मग २००२ च्या वित्त कायद्याने विक्रेत्याला सांगितलं की तू कमी मोबदला दाखवलास तरी करासाठी आम्ही मुद्रांकाचं मूल्य धरू. पुढे खरेदीदारावरही तसाच कर आला. आणि १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर बंदी आली.

आता एक प्रयोग करा. १९८० ते २०२० असे एकाच इमारतीतले मोबदले ओळीने मांडा. मधे कुठेतरी आकडे रेडी रेकनरच्या अगदी लगत चिकटलेले दिसले, तर ती बाजाराची चाल असेलच असं नाही. लोक सरकारने ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत दस्त "चढवत" असतील आणि उरलेलं रोखीत देत असतील. तुमचा आलेख मग घरांच्या किमतीचा नाही, सरकारी दरांचा असेल. तेव्हा "२००३ नंतर किमती वाढल्या" असं लिहिण्याआधी थांबा. कदाचित फक्त लिहिलेल्या किमती वाढल्या.

नूतनीकरणाचा माग कुठे लागतो?

इंडेक्स टूमध्ये नाही, मग कुठे? चार ठिकाणी.

पहिलं, बिलं. घर विकून झालेल्या नफ्यावर कर मोजताना सुधारणेचा खर्च वजा करता येतो. त्यामुळे शहाणा विक्रेता मोठ्या कामाची बिलं जपून ठेवतो. "पंधरा लाख घातले" असं म्हणणाऱ्याकडे एकही बिल नसेल, तर ते पंधरा लाख तूर्तास तोंडी इतिहास समजा. त्याचा उपयोग आहे, पण पुरावा म्हणून नाही.

दुसरं, सोसायटीची फाइल. काम सुरू करण्याआधी दिलेला अर्ज, डेब्रिजचे पैसे, खालच्या मजल्यावरच्या माणसाने केलेली गळतीची तक्रार. हा सगळ्यात प्रामाणिक कागद, कारण तो विकण्यासाठी लिहिलेला नसतो. वरचं बाथरूम नवं आणि खालच्या छताला ओल, ही बातमी जाहिरातीत येत नाही, पण तक्रारीच्या अर्जात येते.

तिसरं, मंजूर नकाशा. आत्ताचा हॉल मोठा दिसतोय तो बाल्कनी आत घेतल्यामुळे का, हे नकाशाशिवाय कळत नाही. इथेही काळ महत्त्वाचा. जानेवारी २०१२ पूर्वी मुंबईत फ्लॉवर बेडसारख्या जागा एफएसआयमध्ये मोजल्या जात नव्हत्या. बिल्डर त्या देत, आणि घेणारा लगेच भिंत पाडून खोलीत मिसळत असे. जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने या जागा मोजणीत आल्या आणि बदल्यात फंजिबल एफएसआय आला. म्हणजे दोन वेगवेगळ्या काळातल्या इमारतींत "चारशे चौरस फूट" हा शब्दप्रयोग एकच असला तरी वस्तू एक नाही. नूतनीकरणात वाढलेली जागा ही कागदावर वाढत नाही.

चौथं, फर्निचरचा वेगळा करार. काही व्यवहारांत फ्लॅटचा एक दस्त आणि फर्निचर-फिटिंगचा दुसरा करार केलेला आढळतो. संशोधकाला वाटतं, चला, शेवटी नूतनीकरणाची किंमत मिळाली! पण हा कागद बहुधा मुद्रांक शुल्क वाचवायला केलेला असतो. त्यातला आकडा कपाटांच्या किमतीवरून आला की करांच्या हिशेबावरून, हे आधी तपासायचं. नूतनीकरण जिथे सगळ्यात स्पष्ट लिहिलंय तिथेच ते सगळ्यात संशयास्पद असू शकतं.

जगभर हा पेच कसा सोडवला?

अर्थशास्त्रज्ञांनी यावर दोन मुख्य वाटा काढल्या. एक, पुनर्विक्रीची. तेच घर दोनदा विकलं गेलं की दोन किमतींतला फरक म्हणजे बाजाराची चाल. बेली, मुथ आणि नोर्स यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली, १९८७ मध्ये केस आणि शिलर यांनी ती सुधारली. पीट आइखहोल्ट्झ यांनी तर अॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरच्या घरांवरून १६२८ ते १९७३ असा साडेतीन शतकांचा निर्देशांक बांधला. पण या पद्धतीचा पाया काय? मधल्या काळात घर तेच राहिलं. नूतनीकरण नेमका हाच पाया काढून घेतं. २०१५ ला जुनं म्हणून घेतलेला आणि २०२३ ला नवा करून विकलेला फ्लॅट तुमच्या यादीत बाजारभावाची वाढ म्हणून मोजला जाईल.

दुसरी वाट, घराचे गुण सुटे करून प्रत्येकाची किंमत काढायची : क्षेत्रफळ, मजला, स्टेशनपासूनचं अंतर, इमारतीचं वय. शेर्विन रोझेन यांच्या १९७४ च्या लेखाने याला भक्कम सैद्धांतिक आधार दिला. अडचण इतकीच की जो गुण कागदावर नाही तो गणितात येत नाही. रेडी रेकनरही इमारतीच्या वयानुसार घसारा देतो, पण वय इमारतीचं, तुमच्या किचनचं नव्हे.

आणि तिसरा लेख, जो तुम्ही वाचायलाच हवा : जॉर्ज अॅकरलॉफ यांचा १९७० चा, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा. विकणाऱ्याला दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो. नुकताच रंगवलेला फ्लॅट हा याचा उत्तम नमुना. ताज्या रंगाखाली ओल आहे की नाही, हे एका पावसाळ्याआधी सांगता येत नाही. नूतनीकरण मार्चमध्ये झालं आणि विक्री मेमध्ये, तर त्या कामाची परीक्षा अजून झालेलीच नाही. मुंबईत घराची खरी परीक्षा जुलै घेतो.

विकणारा का विकतोय?

किंमत वाचताना माणूस विसरायचा नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत जोगेश्वरी होरपळली. गांधीनगरातल्या राधाबाई चाळीची घटना श्रीकृष्ण आयोगासमोर आली. त्यानंतर मुंबईच्या अनेक मिश्र वस्त्यांतली कुटुंबं आपापल्या समाजाच्या वस्तीकडे सरकली. अशा वेळी घाईने विकलेल्या घराचा आकडा तुमच्या तक्त्यात आला तर तो "१९९३ चा बाजारभाव" नाही, ती भीतीची किंमत आहे. त्याला तळटीप हवी, सरासरीत जागा नको.

याउलट काही वाढ घरमालकाने काहीच न करता मिळते. डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं, जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो सातची जोगेश्वरी पूर्व आणि मोगरा ही स्थानकं सुरू झाली. त्याच सुमारास कुणी घर नवं केलं असेल तर मेट्रोने वाढलेला भावही तो टाइल्सच्या नावावर मागणार. म्हणून तुलना नेहमी त्याच इमारतीतल्या, नूतनीकरण न झालेल्या, जवळच्या तारखेच्या व्यवहाराशी करा. मेट्रो दोघांनाही सारखीच लागू आहे, त्यामुळे ती फरकातून आपोआप वजा होते.

आता बोली

सगळं एकत्र करू. आकडे समजण्यापुरते आहेत, खरे आकडे तुम्ही इंडेक्स टूमधून काढायचे.

समजा त्याच इमारतीतला तेवढ्याच क्षेत्रफळाचा, काही काम न केलेला फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ८८ लाखांना गेला. आसपासच्या नोंदींवरून मधल्या काळाची वाढ २ लाख धरली. झाले ९० लाख. आपल्या मालकाची मागणी १ कोटी १२ लाख. बिलं आहेत १२ लाखांची.

पहिला विचार : ही इमारत अशीच उभी राहणार असेल, तर तेच काम तुम्ही करून घ्यायला १२ लाख आणि कामाच्या तीन महिन्यांचं भाडं साधारण १ लाख लागलं असतं. म्हणजे वरची मर्यादा १ कोटी ३ लाख. तीही सगळं काम तुमच्या पसंतीचं आणि पक्कं असेल तर.

दुसरा विचार : इमारत चाळिशीची आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी लागते, आणि अशा सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असतेच. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागा. पाच वर्षांत इमारत पडणार असेल तर हे काम तुम्ही पाचच वर्षं वापराल. कामाचं आयुष्य बारा वर्षं धरलं तर वर्षाला १ लाख, पाच वर्षांचे ५ लाख. त्यात वाचलेलं १ लाख भाडं. म्हणजे ९० अधिक ६, एकूण ९६ लाख. पुनर्विकासात नवी जागा ठरते ती कागदावरच्या क्षेत्रफळावर, फॉल्स सीलिंगवर नाही. आणि पुनर्विकासाची आशा जुन्या फ्लॅटच्या ८८ लाखांत आधीच मिसळलेली आहे, तिचे वेगळे पैसे पुन्हा द्यायचे नाहीत.

तिसरा विचार कर्जाचा, आणि इथे घरच्यांचं नीट ऐका. बँकेच्या व्हॅल्युअरने ९० लाख मूल्य काढलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या टप्प्यात ८० टक्के, म्हणजे ७२ लाख कर्ज मिळू शकतं. ९६ लाखांना घेतलं तर स्वतःचे २४ लाख, शिवाय ६ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ७६ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण ३० लाख ६ हजार. मागणीच्या किमतीला घेतलं तर हाच आकडा ४७ लाख २ हजार होतो. जवळपास १७ लाखांचा फरक, आणि त्यातला एक रुपयाही बँक देणार नाही. तो येणार आईच्या मुदत ठेवीतून, बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून. खरेदी स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, पण तिने हा खड्डा भरत नाही.

म्हणून पुनर्विकास जवळ दिसत असेल तर ९६ लाख ही शेवटची पायरी, आणि पहिली बोली ९० च्या आसपास. गळतीची तक्रार सापडली, किंवा बिलं नसली, तर ९० च्याही खाली. आणि "थोडे रोखीत द्या, दस्त कमीचा करू" असं कुणी सुचवलं, तर नाही म्हणा. कायद्याने मनाई आहेच. शिवाय उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर कमी असेल आणि नफा मोठा दिसेल, त्याचा कर तुम्ही भराल. आणि परवा कुणी संशोधक तो दस्त उघडेल, तेव्हा त्याला खोटा आकडा मिळेल.

तुमच्यासाठी अभ्यास

आपल्या ओळखीची एक सोसायटी घ्या. तिचं गाव, म्हणजे मौजे, शोधा. इंडेक्स टूमधून दहा व्यवहार काढा आणि एका तक्त्यात मोबदला व बाजारभाव शेजारी शेजारी लिहा. तिसऱ्या स्तंभात त्या वर्षी कोणता करकायदा लागू होता ते लिहा. चौथा स्तंभ रिकामा ठेवा आणि त्याला शीर्षक द्या : "घर तेव्हा कसं होतं?" मग सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांशी बोलून तो भरा. कोणाकडे मोझेक होतं, कोणी कधी कडाप्पा काढून ग्रॅनाइट बसवला, कोणाच्या छतातून पाणी यायचं. नावं लिहू नका, फ्लॅट क्रमांकही लपवा.

चौथा स्तंभ भरताना कळेल की किमतीचा इतिहास निबंधक कार्यालयात जेवढा आहे तेवढाच जिन्यात उभा आहे. आणि घरात खरंच फ्लॅट घ्यायची चर्चा चालू असेल, तर तो तक्ता छापून टेबलावर ठेवा. एजंट बोलायला लागायच्या आधी.